जुनाट मानदुखी : अंगमेहनत रोजचीच असताना वेगळा व्यायाम कशासाठी?

कातळसडा (धागाकर्ता, राजापूर)

नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत काम केले आहे. माझ्याकडे मानदुखी घेऊन येणाऱ्यांमध्ये संगणकापुढे बसणाऱ्यांपेक्षा मासळी विकणाऱ्या, काजूगर सोलणाऱ्या, आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायकाच अधिक असतात. त्यांना व्यायाम सांगितला की बहुतेक जणी एकच शंका काढतात. मासळी विकणाऱ्या एका काकींनी ती अशी मांडली : "दिवसभर डोक्यावर पाटी घेवन फिरतंय, आणि व्यायाम तो आणखी कसलो?" शंका रास्त आहे. तिचे नीट उत्तर न देता व्यायामाचा छापील कागद हातावर ठेवणे म्हणजे त्या बाईच्या कष्टांची किंमत न करणे होय. त्या उत्तरासाठी हा धागा काढला आहे.

मानेचे दुखणे तीन महिन्यांच्या वर टिकले की त्याला जुनाट म्हणतात. अशा दुखण्यांपैकी बहुतेकांमागे मोडतोड, गाठ किंवा जंतुसंसर्ग असे एकच ठळक कारण सापडत नाही. मात्र स्नायूंच्या कामात झालेला बदल मोजता येतो. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटून लाँगस कोलाय आणि लाँगस कॅपिटिस हे खोलवरचे स्नायू असतात. चार ते पाच किलो वजनाचे डोके सात मणक्यांच्या उभारीवर स्थिर ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. जुनाट मानदुखी असलेल्यांमध्ये हे स्नायू कमी जोराने काम करतात आणि हात उचलताना ते उशिरा जागे होतात, असे विद्युतमापनाच्या चाचण्यांतून दिसले आहे. त्यांचे काम मग गळ्याच्या दोन्ही बाजूंचे दोरीसारखे दिसणारे वरचे स्नायू आणि खांद्यावरचा ट्रॅपेझियस यांच्या अंगावर पडते. संध्याकाळी खांदा दगडासारखा झाला आहे अशी तक्रार येते ती याच ट्रॅपेझियसची.

आता काकींच्या शंकेकडे वळतो. पाटी डोक्यावर असताना मान काम करतेच, पण त्या कामाने ती सुधारतेच असे नाही. मासळी जास्त मिळाली तर पाटी जड आणि कमी मिळाली तर हलकी, त्यामुळे ओझे शरीराच्या कुवतीप्रमाणे नव्हे तर बाजाराप्रमाणे ठरते. स्नायू थकला म्हणून कोणी अर्ध्या वाटेत पाटी उतरवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच पाटी पुन्हा डोक्यावर चढते, म्हणजे भरून निघायला मधला दिवस मिळत नाही. शिवाय जे स्नायू आधीच जास्त राबतात तेच आणखी राबतात, आणि जे झोपलेले असतात ते झोपलेलेच राहतात. व्यायामात या सगळ्या गोष्टी आपल्या हातात असतात. वजन किती घ्यायचे, कोणत्या स्नायूला द्यायचे, कुठे थांबायचे आणि कधी वाढवायचे हे सारे आपण ठरवतो. कष्ट आणि व्यायाम यांतला हा फरक समजला की माझ्याकडे येणाऱ्या बायका व्यायाम मनापासून करू लागतात, असा माझा अनुभव आहे.

ताकदीचा व्यायाम उपयोगी पडतो, हे चाचण्यांतूनही दिसले आहे. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या १८० महिला कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर वर्षभराची एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने डोक्याभोवती रबरी पट्टा लावून, आपल्या कमाल ताकदीच्या ८० टक्के जोर लावत मानेचे व्यायाम केले. दुसऱ्या गटाने झोपून डोके उचलण्याचे, तग धरण्याची क्षमता वाढवणारे व्यायाम केले. या दोन्ही गटांनी हातात डंबेल घेऊन खांद्यांचेही व्यायाम केले. तिसऱ्या गटाला केवळ ताण देण्याचे आणि दम वाढवणारे व्यायाम करण्याचा सल्ला दिला होता. वर्षाअखेर पहिल्या दोन्ही गटांचे दुखणे तिसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाले होते. मान पुढे ढकलण्याची ताकद पहिल्या गटात ११० टक्क्यांनी, दुसऱ्यात २८ टक्क्यांनी आणि तिसऱ्यात १० टक्क्यांनी वाढली होती. आपल्याकडे "मान जरा इकडे-तिकडे फिरवत जा" एवढ्यावर ज्यांची बोळवण होते, त्यांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. मान फिरवल्याने तात्पुरते मोकळे वाटते, पण स्नायू बळकट व्हायचा असेल तर त्याला भार द्यावा लागतो.

सुरुवात मात्र भाराने करू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खोलवरच्या स्नायूंना जागे करावे. उताणे झोपून गुडघे वाकवावेत आणि डोक्याखाली घडी केलेला पातळ टॉवेल घ्यावा. डोके न उचलता, "हो" म्हणताना हलते तितकीच हनुवटी हळूच गळ्याकडे आणावी आणि तिथेच १० सेकंद धरावी. दोन बोटे गळ्याच्या बाजूंवर ठेवून पाहावे : वरचे स्नायू ताठ होत असतील तर जोर जास्त लागतो आहे असे समजावे आणि हालचाल निम्मी करावी. श्वास रोखू नये. असे १० वेळा जमले की पुढे जावे. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या या पद्धतीत मानेखाली हवेची पिशवी ठेवून दाब २० पासून ३० पर्यंत दोन-दोन अंकांनी वाढवतात, पण घरी बोटांचा अंदाज पुरतो.

त्यानंतर बसून तळहात कपाळावर ठेवावा आणि डोके न हलवता कपाळाने हाताला विरोध करावा. असेच दोन्ही बाजूंनी आणि मागून करावे. सुरुवातीला पाच सेकंद आणि निम्माच जोर ठेवावा, नंतर दोन्ही वाढवावे. खांद्यांसाठी पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या घ्याव्यात. एक बाटली म्हणजे जवळजवळ एक किलो. हात बाजूने, किंचित पुढच्या रोखाने, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावे आणि सावकाश खाली आणावे. पुढे वाकून कोपरे मागे खेचण्याचा व्यायामही त्याच बाटल्यांनी होतो. आठ ते बारा वेळा उचलल्यावर आणखी दोन-तीनदाच उचलता येईल असे वाटले पाहिजे, म्हणजे वजन योग्य आहे. असे दोन ते तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत.

व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. शून्य ते दहाच्या मापात तीन-चारपर्यंतचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओसरणारे दुखणे चालते. त्याहून जास्त राहिले तर व्यायाम बंद न करता वजन किंवा वेळा कमी कराव्यात. फरक साधारण सहा ते बारा आठवड्यांत दिसू लागतो. दोन आठवड्यांत सोडून देणाऱ्यांना तो दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे व्यायामावरचा विश्वास उडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

आपापले अनुभव आणि शंका जरूर लिहाव्यात.

खाडीकाठ (चिपळूण)

लेख सविस्तर आहे, परंतु एक अडचण मांडतो. माझ्या एमआरआयमध्ये दोन ठिकाणी गादी बाहेर आल्याचे आणि मणके झिजल्याचे लिहिले आहे. बँकेतील सहकाऱ्यांनी आणि घरच्यांनीही सांगितले की आता मानेला पट्टा लावायचा आणि वजन अजिबात उचलायचे नाही. गेल्या गणपतीत मी पाटावरची मूर्तीसुद्धा भावाला उचलायला लावली. गादी सरकलेली असताना ताकदीचा व्यायाम केल्याने ती आणखी बाहेर येणार नाही का?

कातळसडा

खाडीकाठ, आपली भीती मी रोज ऐकतो आणि ती अनाठायी आहे असे म्हणून झटकून टाकणार नाही, कारण रिपोर्टची भाषाच घाबरवणारी असते. जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढण्यात आले. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली आढळली. या लोकांची मान दुखत नव्हती. वयाबरोबर केस पिकतात तशीच मणक्यांतही झीज दिसते, आणि केवळ ती दिसते म्हणून दुखण्याचे खापर तिच्यावर फोडता येत नाही. चित्रापेक्षा तपासणी महत्त्वाची असते : हातात कळ जाते का, बोटांना मुंग्या येतात का, पकड कमी झाली आहे का, प्रतिक्षिप्त क्रिया कशा आहेत. हे सारे ठीक असेल तर हळूहळू वाढवलेला भार आपल्याला चालेल. पट्टा ताज्या दुखापतीत थोडे दिवस वापरण्यात अर्थ असतो, पण महिनोन्‌महिने वापरल्यास त्याच्या आधाराने मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात. आपण तपासणी करून घ्या, तिच्यात वावगे काही आढळले नाही तर झोपून करण्याच्या व्यायामापासून सुरुवात करा, आणि जमत गेले की वजनाकडे या.

हापूसबाग (मूळ गाव देवगड, सध्या डोंबिवली)

माझी आई गावी असते. मार्च ते मे या काळात ती आंबे निवडते आणि पेट्या भरते. जमिनीवर मांडी घालून, पुढे आंब्यांचा ढीग, मान खाली आणि हात सतत पुढे, असे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालते. वडील झेला (आंबे काढायची जाळी लावलेली काठी) घेऊन झाडाखाली उभे राहतात, त्यांची मान तासन्‌तास वर असते. दोघांचीही मान दुखते, मात्र वडिलांच्या उजव्या हातात कळही उतरते. दोघांना एकच व्यायाम सांगावा का? हंगामात त्यांच्याकडे वेळ नसतो आणि हंगाम संपला की दोघेही म्हणतात, आता बरे आहे, कशाला करायचे.

कातळसडा

हापूसबाग, दोघांचे दुखणे वेगळे आहे हे आपण अचूक टिपले आहे. आईंचे दुखणे मान पुढे झुकवून दीर्घकाळ धरल्याने आलेले दिसते. त्यांना वर सांगितलेला सगळा क्रम चालेल. कामात एक बदल मात्र लगेच करावा. ढीग जमिनीवर न ठेवता बाकावर किंवा उलट्या ठेवलेल्या क्रेटांवर मांडावा, म्हणजे आंबा पोटाच्या उंचीवर येतो आणि देठ, डाग पाहण्यासाठी मान पार खाली घालावी लागत नाही. पेटी भरून झाली की दुसरी ओढण्यापूर्वी उठून उभे राहावे आणि खांदे दोन-चार वेळा मागे घ्यावेत. हा काही व्यायाम नव्हे, पण स्नायूंना मिळालेली उसंत आहे.

वडिलांबाबत सावध राहावे. मान मागे आणि दुखऱ्या हाताच्या बाजूला कलली की नसा बाहेर पडण्याची छिद्रे अरुंद होतात, त्यामुळे हातात कळ उतरत असलेल्या माणसाने वर पाहत राहणे त्रासाचे ठरते. त्यांना आधी तपासून घ्या. तोवर झाडाच्या अगदी बुंध्याशी उभे न राहता चार पावले मागे सरून, लांब दांडीचा झेला वापरून काढणी करावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या नूतन झेल्याने देठासह आंबा काढता येतो हे बागायतदारांना ठाऊक आहेच, मी मानेच्या दृष्टीने एवढेच सुचवतो की दांडी आपल्या उंचीला साजेशी घ्यावी. दर अर्ध्या तासाने काढणारा आणि क्रेट वाहणारा यांनी कामाची अदलाबदल करावी. व्यायामात त्यांनी मान मागे नेणारा कोणताही प्रकार सध्या करू नये. हात कपाळावर ठेवून दाबण्याचा प्रकार कळ वाढत नसेल तरच करावा.

"आता बरे आहे" या वाक्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे की जून ते फेब्रुवारी हाच ताकद कमावण्याचा काळ आहे. लावणीचे दिवस सोडले तर बहुतेक घरांत संध्याकाळी अर्धा तास काढता येतो. मार्चमध्ये दुखू लागल्यावर सुरू केलेल्या व्यायामाचा फायदा दिसायला मे उजाडतो आणि तोवर पेट्या भरून संपलेल्या असतात.

शिवणयंत्र (कुडाळ)

मी गेली अनेक वर्षे ब्लाउज आणि गणवेश शिवते. जून महिना आला की शाळांच्या कामामुळे रात्रीही मशीन चालू असते. उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत दुखायचे आणि कधी कधी डोकेही धरायचे. चोळून घेतले, शेक दिला, मलम लावले, आणि या सगळ्यांनी त्या रात्रीपुरते बरे वाटे. नंतर व्यायाम शिकले. पहिला महिना मला त्यात काहीच राम वाटला नाही, कारण ती हनुवटीची हालचाल इतकी बारीक होती की आपण काही करतो आहोत असेच वाटत नव्हते. बाटल्या हातात आल्यावर मात्र फरक जाणवू लागला. आता कापड कापताना हात तितका वेळ उचलून धरला तरी खांदा भरून येत नाही. दुखणे पूर्ण गेले असे म्हणणार नाही, गणवेशांच्या दिवसांत ते डोके वर काढतेच, पण कामावरून उठावे लागत नाही.

मशीनखाली दोन विटा घालून ते उंच केले आणि सुईवर छोटा दिवा लावला, याचाही उपयोग झाला. उजेड कमी असला की आपण नकळत कापडावर ओणवे होतो.

सडाफुली (वैद्यकीय अधिकारी, दक्षिण रत्नागिरी)

धागा उपयुक्त आहे. त्यात एका गोष्टीची भर घालते, आणि ती व्यायामाच्या आधीची असल्यामुळे कृपया सर्वांनी वाचावी. पुढील लक्षणे असतील तर व्यायाम सुरू करू नये आणि डॉक्टरांकडे जावे. शर्टाच्या गुंड्या लावताना किंवा सुईत दोरा ओवताना बोटे अडखळू लागणे, चालताना तोल जाणे, पायातून चप्पल नकळत निसटणे, दोन्ही हात बधिर होणे किंवा लघवीवरचा ताबा कमी होणे, ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हे असू शकतात. ती अनेकदा फारसे न दुखता येतात, म्हणूनच दुर्लक्षित राहतात. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे आणि रात्री झोपू न देणारे दुखणे असल्यास क्षयरोगाची तपासणी करावी, कारण मणक्याचा क्षय आपल्या देशात आजही आढळतो. नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडल्यानंतर मान दुखत असेल तर कोणालाही चोळू देऊ नये आणि एक्स-रे होईपर्यंत मान हलवू नये. मानेबरोबर जबडा, छाती किंवा डावा हात दुखून घाम येत असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते, तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची सवय अजून पुष्कळांना आहे. मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदवलेल्या आहेत. त्या विरळ असल्या तरी घडीभराच्या आरामासाठी हा धोका पत्करू नये.

परसबाग (अलिबाग)

योगासनांविषयी कोणीच लिहिले नाही. मी नियमित आसने करतो आणि मला गुण आहे. सर्वांगासन आणि हलासन मानेसाठी उत्तम असे आमच्या वर्गात शिकवतात. हे व्यायाम योगाला पर्याय आहेत का?

कातळसडा

परसबाग, योगासनांचा मानदुखीत फायदा होतो असे काही चाचण्यांत दिसले आहे, त्यामुळे आपल्याला गुण असेल तर सोडण्याचे कारण नाही. भुजंगासन, मार्जारासन, ताडासन हे प्रकार मी स्वतः सुचवतो. सर्वांगासन आणि हलासन यांत मात्र शरीराच्या वजनाचा मोठा भाग टोकापर्यंत वाकलेल्या मानेवर आणि खांद्यांवर येतो. निरोगी मानेला ते पेलते, पण जुनाट मानदुखी असणाऱ्याने, विशेषतः हातात कळ जात असेल किंवा हाडे ठिसूळ झाली असतील तर, ती दोन आसने टाळावीत असे माझे ठाम मत आहे. आसनांमध्ये हळूहळू वाढत जाणारा भार मिळणे अवघड असते, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा बाटल्यांचा व्यायाम त्यांच्या जोडीला ठेवावा.

बंदरवाट (हर्णै)

आमच्या बंदरात लिलाव असतो तेव्हा आई दुपारपासून उभी असते, नंतर पाटी घेऊन गावोगाव फिरते आणि घरी आल्यावर स्वयंपाक करते. अर्धा तास, आठवड्यातून तीनदा, हे तिला सांगायला मला संकोच वाटतो. याहून कमी काही आहे का, की कमी केल्यास उपयोगच नाही?

कातळसडा

बंदरवाट, कमी केल्यासही उपयोग आहे. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत एका गटाने रोज दोन मिनिटे आणि दुसऱ्या गटाने रोज बारा मिनिटे रबरी नळी ताणण्याचा एकच व्यायाम केला : नळीवर पाय ठेवून दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे. आठवड्यातून पाच दिवस असे दहा आठवडे झाल्यावर व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दहाच्या मापावर दुखणे दोन मिनिटांच्या गटात १.४ ने आणि बारा मिनिटांच्या गटात १.९ ने कमी झाले होते. वेळ सहापट देऊनही फरक थोडाच वाढला. ही माणसे बैठ्या कामाची होती, आईंच्या कष्टांशी त्यांची तुलना पूर्ण होत नाही, पण दोन मिनिटे हीसुद्धा मात्रा ठरू शकते एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. भात शिजत असताना आईंकडून एवढे होईल.

दुसरे असे की १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. सुक्या मासळीचा व्यवहार चालू असला तरी ताज्या मासळीची पाटी या दिवसांत हलकी होते. हनुवटीचा बारीक व्यायाम, हाताने दाब देणे आणि बाटल्या हा क्रम शिकायला हे दोन महिने पुरतात. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की तीन दिवसांऐवजी दोनच दिवस ठेवावेत, आणि ज्या दिवशी पाटी फार जड असेल त्या दिवशी ताकदीचा व्यायाम करूच नये.

पाटीविषयी थोडे. चुंबळ घट्ट वळलेली आणि टाळूच्या मधोमध असावी. ती ओली होऊन एका बाजूला बसली की मान दिवसभर त्या बाजूला तोल सावरत राहते, म्हणून दुपारी बदलायला एक कोरडी चुंबळ जवळ ठेवावी. बर्फाचे पाणी पाटीत साचू देऊ नये, कारण ते वजन विनाकारण वाहिले जाते. एकटीने पाटी डोक्यावर चढवताना मानेला हिसका बसल्याचे मला अनेक जणींनी सांगितले आहे, तेव्हा चढवताना आणि उतरवताना दुसरीचा हात घ्यावाच.

बंदरवाट

मनापासून आभार. आमच्याकडे रबरी नळी मिळणार नाही, सायकलची जुनी ट्यूब चालेल का?

कातळसडा

चालेल. ट्यूब उभी कापून तिची लांब पट्टी करा, व्हॉल्व्हचा भाग काढून टाका, आणि कुठे तडे गेले आहेत का ते उजेडात ताणून पाहा, कारण ताणलेली ट्यूब तुटली तर चेहऱ्यावर फटका बसतो. पट्टीचा मधला भाग दोन्ही पायांखाली नीट दाबून धरायला सांगा आणि टोकांना गाठी मारा, म्हणजे ती हातातून निसटणार नाही. पहिल्या आठवड्यात पट्टी सैल ठेवा. हात खांद्यापर्यंत सहज जाऊ लागले की पाय थोडे फाकवून ती अधिक ताणावी. खांदे कानांकडे उचलले जात असतील तर ताण जास्त झाला आहे असे समजून पाय पुन्हा जवळ घ्यावेत.